उतारवयांतील पंचवीस फेऱ्या

दहा हजार मीटरची शर्यत चारशें मीटरच्या ट्रॅकवर पंचवीस फेऱ्यांत पुरी होते. रस्त्यावरच्या शर्यतींत झाडें, घरें, चढउतार, वळणें असतात, आणि त्यांच्या आडोशानें धांवणाऱ्याला आपली चूक कांहीं काळ तरी लपवितां येते. ट्रॅकवर तशी सोय नाहीं. दर फेरीला तीच रेघ, तेंच घड्याळ आणि तोच हिशेब. मागल्या फेरीला दोन मिनिटें लागलीं आणि ह्या फेरीला चार सेकंद अधिक लागले, तर तें धांवणाऱ्यालाही कळतें आणि कठड्याशीं उभ्या असलेल्या त्याच्या नातवालाही कळतें. साठी उलटलेला, पोटापाण्याचा उद्योग निराळा असलेला एखादा गृहस्थ रस्ता सोडून ह्या उघड्या जागीं शर्यतीला उतरतो, तेव्हां तो नेमकें काय करावयास जातो, हें समजून घेण्यासारखें आहे. पहिला येण्यासाठीं तो जात नाहीं, हें तर उघडच आहे.

वयस्कांच्या शर्यतींना व्यवस्थित रूप येऊन फार काळ लोटलेला नाहीं. अमेरिकेंतील सॅन डिएगो येथील डेव्हिड पेन नांवाच्या वकिलानें १९६६ सालीं चाळिशीपुढील पुरुषांसाठीं एक मैलाची शर्यत सुरू केली. १९७५ सालीं कॅनडांतील टोरांटो येथें वयस्कांची पहिली जागतिक स्पर्धा भरली आणि १९७७ सालीं स्वीडनमधील गोटेबर्ग येथें त्यांची जागतिक संघटना स्थापन झाली. पस्तिसाव्या वर्षापासून पुढें पांच पांच वर्षांचा एकेक गट धरण्याची रीत आतां सर्वत्र रूढ आहे. ह्या रीतीमुळें एक मौजेची गोष्ट घडते. एरवीं माणूस साठावा वाढदिवस होतां होईल तों लांबवूं पाहतो. येथें तो त्या दिवसाची वाट पाहतो. कालपर्यंत तो आपल्या गटांतला सर्वांत म्हातारा होता, आज तो पुढल्या गटांतला सर्वांत तरुण होतो. जागतिक स्पर्धांत तर वयाचा गट पाठीवरच्या कापडावर ठळक छापलेला असतो, आणि मागून येणारा तो वाचूनच आपला प्रतिस्पर्धी कोण तें ठरवितो.

जेथें सारा निवाडा वयावर, तेथें वयाचा पुरावाही चोख लागतो. मूळचे पंजाबचे आणि पुढें इंग्लंडांत स्थायिक झालेले फौजा सिंग ह्यांनीं २०११ सालीं टोरांटो येथें एकाच दिवसांत निरनिराळ्या आठ अंतरांच्या शर्यती धांवून दाखविल्या. त्यांत पांच हजार मीटरचें अंतर त्यांनीं पन्नास मिनिटांच्या आंत पुरें केलें. त्यांच्या पारपत्राप्रमाणें त्यांचा जन्म १९११ चा, म्हणजे तेव्हां वय शंभर. परंतु त्या काळच्या खेड्यांत जन्माचा दाखला कोण ठेवणार? दाखला नाहीं म्हणून ते आंकडे विक्रमांच्या अधिकृत यादींत चढले नाहींत. नियमाच्या दृष्टीनें तें योग्यच झालें, असें म्हणावें लागतें. पण ज्या पिढीच्या जन्माची नोंदच झाली नाहीं तिच्यावर त्यांत अन्याय झाला, हेंही तितकेंच खरें.

स्त्रियांची कथा याहून वेगळी आहे. १९२८ च्या ॲम्स्टरडॅम येथील ऑलिंपिकमध्यें स्त्रियांसाठीं आठशें मीटरची शर्यत ठेवली होती. ती संपतांना धांवणाऱ्या जणी गळून पडल्या असा मोठा गवगवा झाला, आणि १९६० पर्यंत ती शर्यत पुन्हां ठेवण्यांत आली नाहीं. पंधराशें मीटरची शर्यत त्यांना १९७२ सालीं मिळाली, मॅरेथॉन १९८४ सालीं, आणि दहा हजार मीटर तर १९८८ सालीं. म्हणजे १९३० च्या सुमारास जन्मलेल्या स्त्रीच्या तरुणपणीं ही मोठी शर्यत तिच्यासाठीं अस्तित्वांतच नव्हती. असली स्त्री साठाव्या वर्षीं पंचवीस फेऱ्या धांवूं लागली, तर ती गेलेलें तारुण्य परत आणीत नव्हती. जें कधीं मिळालेंच नव्हतें तें ती प्रथमच घेत होती.

आतां वय वाढतें म्हणजे शरीरांत नेमकें काय उणें होतें? लांब पल्ल्याच्या धांवण्याचें भांडवल म्हणजे प्राणवायु. फुप्फुसांनीं तो आंत घ्यावयाचा, हृदयानें तो रक्ताबरोबर स्नायूंपर्यंत पोंचवावयाचा, आणि स्नायूंनीं तो खर्ची घालावयाचा. ह्या व्यवहाराची कमाल मर्यादा तिशीनंतर दर दहा वर्षांस सुमारें दहा टक्क्यांनीं खालीं येते. जे नेटानें सराव चालू ठेवतात त्यांच्या बाबतींत ही उतरण बरीच मंद असते, पण ती थांबत मात्र नाहीं. तिचें एक मोठें कारण हृदयाच्या गतींत आहे. विसाव्या वर्षीं अत्यंत श्रमाच्या वेळीं हृदय मिनिटाला सुमारें १९५ ठोके देऊं शकतें. सत्तराव्या वर्षीं हीच मर्यादा १६० च्या आसपास येते. माणसामाणसांत थोडा फरक पडतो, परंतु कितीही सराव केला तरी ही घट चुकत नाहीं. सरावानें वाढतें तें एका ठोक्यासरशीं बाहेर पडणारें रक्त.

स्नायूंचेंही तसेंच आहे. त्यांत झटकन आंखडणारे आणि सावकाश पण दीर्घकाळ काम करणारे असे दोन प्रकारचे तंतू असतात. वयाबरोबर पहिल्या प्रकारचे तंतू अधिक झिजतात. त्यामुळें शंभर मीटरची झेप उणी होत जाते. शिवाय टांचेच्या वरच्या जाड शिरेंतली लवचिकता कमी होते. म्हणून पुष्कळ वयस्क धांवणारे खिळ्यांचे बूट टाळून साधे सपाट बूट घालतात. सर्वांत जाचक फरक मात्र शर्यतीनंतरचा. तरुणपणीं जो शीण दोन दिवसांत उतरत असे तो आतां आठवडाभर मुक्काम ठोकतो, आणि हें न ओळखतां जो पूर्वीच्याच कोष्टकाप्रमाणें सराव करूं जातो तो बहुधा शर्यतीच्या दिवशीं घरींच असतो.

घरच्या मंडळींना खरी धास्ती असते ती हृदयाची. क्लॅरेन्स डीमार ह्या अमेरिकन मुद्रकाला वैद्यांनीं तरुणपणींच हृदयांत दोष असल्याची सूचना दिली होती. त्यानें १९११ ते १९३० ह्या काळांत बॉस्टनची मॅरेथॉन सात वेळां जिंकली, शेवटची वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षीं, आणि पासष्टीपर्यंत तो तींत धांवत राहिला. १९५८ सालीं कर्करोगानें तो वारल्यावर शवपरीक्षा झाली. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या त्याच्या धमन्या सर्वसाधारण माणसाच्या दुप्पट ते तिप्पट रुंद आढळल्या, आणि त्याविषयींचा लेख १९६१ सालीं प्रसिद्ध झाला. ही हकीकत धीर देणारी खरी. पण एका हृदयावरून साऱ्यांचा निर्णय करतां येत नाहीं. जन्मभर अतिशय श्रमाचें धांवणें करणाऱ्या कांहीं पुरुषांत हृदयाची लय बिघडण्याचा विकार अधिक दिसतो, हेंही पुढील संशोधनानें दाखविलें आहे. तेव्हां उतारवयांत शर्यतीचा विचार करणाऱ्यानें आधीं तपासणी करून घ्यावी. धांवतांना छातींत कळ येणें, घेरी येणें किंवा नेहमींपेक्षां निराळाच दम लागणें, ह्यांपैकीं कांहीं झाल्यास त्या फेरींतच थांबावें. उरलेल्या फेऱ्यांचा मोह तेथें धरूं नये.

इतकें सारें उणें होत असतां उरतें तें काय? ह्याचें उत्तर एड व्हिटलॉक ह्यांच्या पंचवीस फेऱ्यांत सांपडतें. लंडनजवळ १९३१ सालीं जन्मलेला हा खाणींचा इंजिनियर कॅनडांत जाऊन राहिला, आणि तरुणपणीं सुटलेलें धांवणें त्यानें चाळिशी उलटल्यावर पुन्हां धरलें. शिक्षक नाहीं, विशेष आहार नाहीं, बूट जुने. मिल्टन गांवांतील आपल्या घराजवळच्या दफनभूमींत तो तासन् तास त्याच त्या वाटेवर फेऱ्या घालीत असे. तेथें वाहनांचा उपद्रव नव्हता आणि घर हांकेच्या अंतरावर होतें. ह्या नित्याच्या धांवण्यांत आपल्याला कांहीं ब्रह्मानंद होतो असें तो कधींच म्हणाला नाहीं. शर्यत आणि विक्रम ह्यांची आपल्याला आवड आहे, हें तो मोकळेपणीं सांगे. त्र्याहत्तराव्या वर्षीं त्यानें मॅरेथॉन दोन तास पंचावन्न मिनिटांच्या आंत पुरी केली. २०११ सालीं, वयाच्या ऐंशीव्या वर्षीं, त्यानें ट्रॅकवर दहा हजार मीटर ४२ मिनिटें ३९.९५ सेकंदांत धांवून आपल्या वयोगटाचा त्या वेळचा विक्रम केला. म्हणजे फेरीला सरासरी एक मिनिट साडेबेचाळीस सेकंदांहून किंचित कमी. २०२० सालीं युगांडाच्या जोशुआ चेप्तेगेईनें ह्याच अंतराचा जागतिक विक्रम २६ मिनिटें ११ सेकंद असा केला. त्याची फेरी सरासरी त्रेसष्ट सेकंदांच्या आंत पडली. दोघे एकाच मैदानावर असते, तर चेप्तेगेई शर्यत संपवून उभा राहतांना व्हिटलॉकची सोळावी फेरी चालू असती. हा हिशेब त्याला कमीपणा आणण्यासाठीं नव्हे. ऐंशी वर्षांच्या माणसानें पंचवीस वेळां तो आंकडा जवळजवळ सारखा राखावयाचा, ह्यांत काय काय साधावें लागतें, तें यावरून ध्यानांत यावें.

तें साधणें म्हणजे खर्चाची वांटणी. धरून चाला कीं, एका साठीच्या गृहस्थाला पन्नास मिनिटांत शर्यत संपवावयाची आहे. त्याला फेरीस दोन मिनिटें, म्हणजे शंभर मीटरला तीस सेकंद, एवढाच दर परवडतो. पिस्तुलाचा बार होतो. दोन आठवडे विसावलेले पाय हलके असतात, पुढें माणसें पळत असतात, आणि पहिली फेरी एक मिनिट पन्नास सेकंदांत पडते. दहा सेकंद वांचले असें त्याला वाटतें. वास्तविक ते उसने घेतलेले असतात. आवांक्याबाहेरच्या वेगानें धांवतांना स्नायूंना लागणारी शक्ति प्राणवायूच्या पुरवठ्यावर भागत नाहीं. ती दुसऱ्या मार्गानें काढावी लागते, आणि त्याचें परत देणें बाराव्या फेरीनंतर सुरू होतें. तेथें दर फेरीस पांच सेकंद जादा जाऊं लागले, तर विसाव्या फेरीपर्यंत वांचविल्याच्या चौपट रक्कम हातची जाते. तरुणाला अशी चूक एखादे वेळीं झेपते, कारण त्याच्याजवळ शिल्लक मोठी असते. साठीच्या माणसाजवळ ती नसते. उलट, पहिल्या पांच फेऱ्या मुद्दाम कंटाळवाण्या वाटतील अशा धांवण्याचा संयम मात्र वयाबरोबर कमी होत नाहीं. श्वासावरून आणि पावलांच्या आवाजावरून घड्याळ न पाहतां फेरीचा वेळ ओळखण्याची कला कांहींना पन्नाशीनंतरच येते.

ह्या हिशेबांत बारीकसारीक गळती पुष्कळ. फेरीचें माप आंतल्या कडेपासून जेमतेम फूटभर अंतरावर धरलेलें असतें. तेथून एक मीटर बाहेर धांवणारा दर फेरीस सुमारें सव्वासहा मीटर अधिक धांवतो, आणि पंचवीस फेऱ्यांत दीडशेंहून अधिक मीटर फुकट खर्चतो. वारा असला तर एका बाजूस तो ढकलतो आणि दुसऱ्या बाजूस अडवितो, पण जमा आणि खर्च सारखे होत नाहींत. अडविण्याचा तोटा मोठा. म्हणून अशा दिवशीं आपल्याच वेगाचा सोबती शोधून आलटून पालटून त्याच्या पाठीशीं राहणें शहाणपणाचें. शर्यत नेहमीं डावीकडे वळत जाते, आणि पन्नास वळणांचा ताण घोट्यावर व गुडघ्यावर एकाच बाजूनें पडतो. सरावाच्या वेळीं मैदान मोकळें असल्यास सावकाश धांवण्याच्या फेऱ्या उलट दिशेनें घालणें बरें.

वयस्क आणि तरुण एकाच शर्यतींत सोडलेले असले, म्हणजे मागें पडलेल्याला पुढले लोक पुन्हां पुन्हां गांठतात. अशा वेळीं त्यानें आपली रेघ सोडूं नये. मध्येंच बाजूला सरल्यानेंच धक्का बसण्याचा संभव अधिक. ओलांडणारा बाहेरून जातो. कितवी फेरी चालली हें लक्षांत ठेवण्याचें काम मात्र ज्याचें त्यानें करूं म्हटल्यास होत नाहीं. सोळा कीं सतरा, हा घोळ भल्याभल्यांचा होतो. त्यासाठीं फेऱ्या मोजणारे पंच असतात, प्रत्येकाच्या वांट्याला मोजकेच धांवणारे, आणि प्रत्येकाच्या प्रत्येक फेरीचा वेळ त्यांच्या कागदावर उतरतो. फलकावरचा आंकडा मात्र सर्वांत पुढच्या माणसाचा असतो. शेवटच्या फेरीची घंटा एकामागून एक वाजूं लागते तेव्हां साठीच्या गृहस्थाच्या सात फेऱ्या उरलेल्या असतात. ती घंटा दुसऱ्याची आहे हें त्याला पक्कें ठाऊक असूनही पाय क्षणभर वेग घेतात, आणि तो त्यांना आवरतो. हळूहळू मैदान रिकामें होतें. कांहीं जण अंगावर सदरा चढवून कठड्याशीं उभे राहतात व उरलेल्यांच्या फेऱ्या मोजूं लागतात. मग त्याची स्वतःची घंटा वाजते. शेवटची रेघ ओलांडल्यावर तो थोडा वेळ गुडघ्यांवर हात टेकून उभा राहतो, आणि दम सांवरतांच पंचाकडे जाऊन आपला कागद पाहूं मागतो. एकूण वेळ त्याला ठाऊकच असतो. त्याचें बोट बाराव्या फेरीपासून खालीं सरकूं लागतें.