‘फेन्स’ म्हणजे काय?

वाशिम जिल्ह्यात सोयाबीन, तूर, हरभरा पेरणाऱ्या शेतकऱ्याला किडीइतकीच धास्ती रोही आणि रानडुकरांची असते. म्हणून धुऱ्यावर बाभळीच्या काट्यांचे कुंपण घालतात किंवा तारा ओढतात. या कुंपणाला इंग्रजीत ‘फेन्स’ म्हणतात. हा शब्द आला कोठून?

‘डिफेन्स’ म्हणजे संरक्षण. बोलण्याच्या ओघात त्याचे पहिले अक्षर गळाले आणि ‘फेन्स’ उरला. मुळाशी आहे लॅटिन क्रियापद ‘डेफेन्डेरे’. ‘डे’ म्हणजे दूर आणि ‘फेन्डेरे’ म्हणजे तडाखा देणे. मिळून अर्थ झाला, आलेला तडाखा परतवणे. मोटारीचा ‘फेन्डर’ याच कुळातला. तलवारीचा वार अडवण्याची कला म्हणून तलवारबाजीला ‘फेन्सिंग’ म्हणतात. चोरीचा माल गुपचूप विकत घेणाऱ्यालाही इंग्रजीत ‘फेन्स’ म्हणतात!

अमेरिकेच्या गवताळ प्रदेशात कुंपणाला पुरेसे लाकूड नव्हते. तेथे इलिनॉय राज्यातील जोसेफ ग्लिडन या शेतकऱ्याने 1874 साली काटेरी तारेचे पेटंट मिळवले. काटा बाभळीचा असो वा तारेचा, काम एकच : जनावराला मागे फिरवणे.

आता सौर ‘झटका मशीन’ पाहा. त्याच्या तारेत काही हजार व्होल्ट दाब असतो, तरी जनावर मरत नाही. का? कारण झटका साधारण सेकंदाला एकदाच, आणि तोही सेकंदाच्या हजाराव्या भागाइतक्या अल्प काळापुरता बसतो. त्यातून शरीराला मिळणारी ऊर्जा थोडी असते. दोन झटक्यांमधील वेळात जनावर मागे सरते.

घरगुती वीज फक्त 230 व्होल्टची. पण ती अखंड वाहते. तिने स्नायू आखडतात, तारेवरची पकड सुटत नाही आणि हृदयाची लय बिघडून मृत्यू येतो. अशी वीज थेट कुंपणात सोडल्याने रोह्यांबरोबर माणसेही दगावली आहेत. तो गुन्हाही आहे.

म्हणजे व्होल्ट किती एवढेच विचारून भागत नाही. वीज किती वेळ वाहते हेही विचारावे लागते. वार परतवते ती ‘फेन्स’. थेट विजेची तार राखणाऱ्याचाच जीव घेते. ते कुंपणानेच शेत खाण्यासारखे झाले. तुमच्या शिवारातील तार यंत्राला जोडली आहे की थेट विजेला, हे तारेला हात न लावता घरी जरूर विचारा.