होडीतला दिवा मंद का होतो?

बारामतीहून भिगवणकडे किंवा इंदापूर तालुक्यातल्या कुंभारगावला हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला तुमच्यापैकी काहीजण गेले असतील. भीमा नदीवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि त्याच्या फुगवट्याचे पाणी या भागात दूरवर पसरले. त्या पाण्यावर आज होड्या चालतात.

समजा, अशा पाण्यावर एक जुनी पाँटून होडी आहे. पाँटून म्हणजे दोन्ही बाजूंना लांब, बंद, पोकळ पिंपे आणि त्यांवर सपाट फळ्या. तिच्यावर १२ व्होल्टची बॅटरी, एक दिवा आणि आत शिरलेले पाणी उपसणारा छोटा पंप आहे. बॅटरी नवी, दिवाही नवा; तरी उजेड मंद! सायंकाळी समोरून येणाऱ्या होडीला हा दिवा दिसला नाही तर टक्कर होईल. मग दोष कुठे आहे?

दोष आहे तारेत. पाण्याजवळची तार आतून कुजते. तारेत तांब्याचे अनेक बारीक धागे असतात. त्यांच्यामधल्या फटींतून पाणी केशाकर्षणाने आत चढते, जसे दिव्याच्या वातीत तेल चढते. वरचे वेष्टन चांगले दिसते. आत मात्र तांबे काळेहिरवे पडते. कल्हई नसलेल्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो हे तुम्हाला ठाऊक आहे. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. होडीसाठी बनवलेल्या चांगल्या तारेच्या प्रत्येक धाग्यावरही असाच कथलाचा थर दिलेला असतो.

आता थोडा हिशेब करू. दिवा ६० वॅटचा आहे. १२ व्होल्टवर तो ५ अँपिअर प्रवाह घेतो. म्हणजे त्याचा रोध २.४ ओहम झाला. एका कळकलेल्या सांध्याचा रोध अर्धा ओहम धरा. एकूण रोध २.९ ओहम, म्हणून प्रवाह सुमारे ४.१ अँपिअर. दिव्याच्या वाट्याला आले १० व्होल्ट, आणि २ व्होल्ट सांध्यातच खर्च झाले. (तापलेल्या तंतूचा रोध थोडा बदलतो, तो येथे सोडून दिला आहे.) २ व्होल्ट गुणिले ४.१ अँपिअर म्हणजे सुमारे ८ वॅट उष्णता त्या एवढ्याशा सांध्यात निर्माण होते. वेष्टन वितळते, आणि शेजारी पेट्रोलची टाकी असेल तर?

तुम्ही म्हणाल, “फ्यूज आहे ना!” येथेच मोठी गंमत आहे, आणि धोकाही. फ्यूज वितळतो तो प्रवाह वाढल्यावर. आपला प्रवाह तर ५ वरून ४.१ वर उतरला. म्हणून फ्यूज स्वस्थ बसतो आणि सांधा तापतच राहतो. फ्यूज निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नव्हे. दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर बॅटरीतून शेकडो अँपिअर प्रवाह वाहू शकतो. तेव्हा फ्यूजच होडी वाचवतो, पण तो बॅटरीच्या अगदी जवळ हवा. कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या तारेला तो संरक्षण देऊ शकत नाही. कळकलेल्या सांध्यावर मात्र एकच उपाय: तो कापून नवा करणे.

असा सांधा शोधावा कसा? दिवा बंद ठेवून व्होल्टमीटर लावला तर दिव्याच्या टोकापर्यंत पुरे १२ व्होल्ट दिसतात. प्रवाहच नाही, तर व्होल्ट कमी कसे होणार? म्हणून दिवा लावूनच प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना व्होल्टमीटर टेकवावा. जेथे काटा हलला, तेथे चोर सापडला.

नवी तार घालताना तिची जाडीही पाहावी. दिवा बॅटरीपासून ६ मीटर दूर असेल तर जाऊन-येऊन तार १२ मीटर लागते. १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेत ५ अँपिअरला सुमारे १ व्होल्ट घटतो. ४ चौरस मिलिमीटरच्या तारेत त्याचा चौथा हिस्साच घटतो.

मोटारसायकलमध्ये परतीचा प्रवाह सांगाड्यातून जातो. तशी युक्ती धातूच्या होडीत करू नये. प्रवाह पाण्यात झिरपून विद्युत्‌अपघटन होते आणि पिंपांचा धातू खाल्ला जातो. म्हणून प्रत्येक उपकरणाला दोन्ही तारा स्वतंत्र असाव्यात.

घरी हे करून पाहा. दोन सेल, टॉर्चचा बल्ब आणि तांब्याची बारीक तार घ्या. तारेचा एक तुकडा सोलून आठवडाभर मिठाच्या पाण्यात भिजवा, मग वाळवून जोडणीत घाला. नंतर तीच टोके पॉलिश कागदाने घासून पुन्हा जोडा. बल्बच्या उजेडात फरक पडतो का, ते नोंदवा.

मात्र एक लक्षात ठेवा. हे प्रयोग सेलवरच करायचे. नदीकाठच्या पंपांच्या केबलमधला दाब २३० व्होल्ट किंवा त्याहूनही अधिक असतो. ओल्या हाताने, ओल्या जमिनीवर तो जीव घेतो. पाण्यात पडलेली केबल दिसली तर तिच्यापासून दूर राहा आणि लगेच मोठ्यांना सांगा.

आता एक कोडे: त्याच होडीत १२ वॅटचा एल.ई.डी. दिवा बसवला, तर अर्ध्या ओहमच्या त्याच सांध्यात साधारण किती वॅट उष्णता निर्माण होईल? हिशेब करा, आणि उत्तर एवढे लहान का येते त्याचाही विचार करा.