पाळीव हॅमस्टरचे चावणे आणि माणसाळणे : एक वर्तनशास्त्रीय विवेचन

प्रस्तावना

मराठीत ‘पाळीव’ आणि ‘माणसाळलेला’ हे दोन शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जातात. प्राणिवर्तनाच्या अभ्यासात मात्र त्यांतील भेद मूलभूत आहे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून एखादी जातीच मनुष्याच्या सहवासास अनुकूल होणे ही एक प्रक्रिया होय; आणि एखाद्या विशिष्ट प्राण्याची माणसाविषयीची भीती त्याच्याच आयुष्यात ओसरणे ही दुसरी. गाय किंवा कुत्रा यांच्या बाबतीत पहिली प्रक्रिया हजारो वर्षे चालत आली आहे. हॅमस्टरच्या बाबतीत ती जेमतेम सुरू झाली आहे, असे म्हणावे लागते. दुकानातून आणलेला हॅमस्टर पहिल्याच दिवशी बोटाला कडकडून चावतो, घरातील मूल घाबरते आणि त्यानंतर पिंजऱ्याचे दार केवळ दाणे टाकण्यापुरतेच उघडले जाते. अवघे दोन ते तीन वर्षांचे आयुष्य असलेल्या प्राण्याच्या दृष्टीने ही हानी लहान नव्हे. सर्वाधिक पाळल्या जाणाऱ्या सोनेरी अथवा सीरियन हॅमस्टरच्या संदर्भात चावण्याची कारणे आणि माणसाळविण्याची रीत यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

अलेप्पोचे बीळ

या जातीचे शास्त्रीय वर्णन जॉर्ज वॉटरहाऊस यांनी १८३९ मध्ये सीरियातील अलेप्पो येथील नमुन्यावरून केले. पुढे सुमारे शतकभर ती विस्मृतीतच होती. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील परजीवीशास्त्रज्ञ सॉल ॲडलर यांना लिश्मॅनियासिसच्या, म्हणजे भारतात परिचित असलेला काळा आजार ज्यात मोडतो त्या रोगगटाच्या, संशोधनासाठी बंदिवासात सहज प्रजनन करणारा प्राणी हवा होता. चिनी हॅमस्टर ती गरज भागवीत नव्हते. त्यासाठी प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहरोनी यांनी एप्रिल १९३० मध्ये अलेप्पोजवळच्या शेतात एक बीळ खणवून मादी व तिची पिले हस्तगत केली. बीळ उद्ध्वस्त झालेल्या त्या मादीने आपल्याच एका पिलाला ठार केले, असे अहरोनींनी नोंदविले आहे. उरलेल्या मोजक्या भावंडांच्या परस्पर संकरातून पुढे संतती वाढली, १९३१ मध्ये ती इंग्लंडला पोचली, आणि आज जगभरच्या घरांत असलेले बहुतांश सोनेरी हॅमस्टर त्याच वंशावळीतील आहेत.

हा इतिहास येथे सविस्तर सांगण्याचे कारण असे की, माणसाच्या सहवासाची उणीपुरी शंभर वर्षेही या प्राण्याला लाभलेली नाहीत. शिवाय त्याची पैदास प्रामुख्याने प्रयोगशाळेच्या सोयीसाठी झाली, कुशीत घेण्यासाठी नव्हे. त्याची वृत्ती आजही बिळातीलच आहे. जर्मन संशोधक रॉल्फ गॅटरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस सीरियात केलेल्या क्षेत्रीय पाहणीत एका बिळात एकाहून अधिक प्रौढ हॅमस्टर आढळला नाही. ही बिळे सरासरी अर्ध्या मीटरहून अधिक खोल होती. एकटे राहणारा, स्वतःचा धान्यसाठा राखणारा आणि घुसखोराला दातांनी हुसकावणारा असा हा प्राणी आहे. त्याला ‘रागीट’ म्हणणे म्हणजे साळिंदराला काटेरी म्हणून दोष देण्यासारखे होय.

चावण्याची कारणे

हॅमस्टरच्या आक्रमकतेमागे बहुधा भीतीच असते. तो निकटदृष्टी असतो. अंतराचा अचूक अंदाज त्याला येत नाही. त्याचे जग मुख्यतः गंधाचे व ध्वनीचे आहे. घुबडासारख्या पक्ष्यांचे भक्ष्य ठरणाऱ्या प्राण्याच्या डोक्यावर पिंजऱ्याच्या वरच्या दारातून पाच बोटांचा पंजा उतरतो, तेव्हा तो मायेचा आहे हे त्याने ओळखावे तरी कसे? पळण्यास जागा नसेल तर दात हे एकच साधन उरते.

दुसरे कारण झोपमोडीचे. बंदिवासात हा प्राणी प्रायः रात्री जागतो व दिवसा गाढ झोपतो. शाळेतून परतलेले मूल दुपारी त्याला घरट्यातून बाहेर ओढते आणि चावा घेतला जातो. येथे एक मनोरंजक विसंगती नमूद करावयास हवी. गॅटरमन यांच्याच गटाने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांनुसार सीरियातील मुक्त माद्या चक्क दिवसाउजेडी बाहेर पडताना दिसल्या. परंतु त्यावरून घरच्या हॅमस्टरला दुपारी उठविण्यास हरकत नाही, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. झोपलेल्या प्राण्याला दचकवून उठविणे हे दिवसा काय नि रात्री काय, सारखेच अनुचित.

कित्येक चावे तर निव्वळ गफलतीचे असतात. बोटाला शेंगदाण्याचा वास येत असेल तर गंधावर विसंबणारा प्राणी बोटालाच खाद्य समजतो. गजांतून दाणे भरविण्याची सवय लावल्यास गजांतून आत येणारी प्रत्येक वस्तू तोंडात धरावयाची, हे तो शिकतो. याखेरीज पिले असलेली मादी, एकाच पिंजऱ्यात कोंडलेली दोन प्रौढ हॅमस्टर, आणि वेदना हीही कारणे आहेत. आजवर शांत असलेला हॅमस्टर एकाएकी चावू लागला तर वाढलेले दात, गालाच्या पिशवीतील गळू किंवा अन्य आजार यांचा संशय घेऊन पशुवैद्यकाकडे जावे.

मात्र चावण्याची सवय जडते ती माणसाच्या प्रतिसादामुळे. हॅमस्टर चावतो, हात झटक्याने मागे जातो, भीतिदायक वस्तू नाहीशी होते. मानसशास्त्रात यास ऋण प्रबलन म्हणतात : अप्रिय गोष्ट टळल्यामुळे ती टाळणारी कृती दृढ होते. अशा चार-दोन प्रसंगांनंतर चावा हा त्याचा पहिलाच उपाय बनतो. म्हणजे ज्याला आपण खोड म्हणतो, ती अजाणता आपणच शिकविलेली असते.

माणसाळविण्याची प्रक्रिया

नवीन घरी आणल्यावर पहिला आठवडाभर त्याला हाताळूच नये. दाणापाणी करावे, जवळ बसून हलक्या आवाजात बोलावे, एवढेच पुरे. या काळात मालकाने हाती धरलेला बिनवासाचा टिश्यू कागद घरट्यासाठी ठेवावा. त्याने माणसाचा गंध झोपेच्या सुरक्षित जागेशी जोडला जातो.

त्यानंतर सायंकाळी, तो आपणहून जागा झाल्यावर, बिनवासाच्या साबणाने धुतलेला हात शक्यतो बाजूच्या दारातून आत न्यावा व तळवा वर करून जमिनीवर स्थिर ठेवावा. तळव्यावर सूर्यफुलाची एखादी बी असावी. पहिल्या दिवशी तो दुरून वास घेईल, कदाचित फिरकणारही नाही. पुढे तो येऊन बी उचलील व पळेल. नंतर केव्हातरी तळव्यावरच बसून ती गालात भरील. प्रत्येक पायरीचा वेग प्राण्याने ठरवावयाचा असतो, आणि बहुतेक घरांत चूक होते ती नेमकी येथेच. घाई केली की आठ दिवसांचे श्रम एका क्षणात वाया जातात. या टप्प्यावर बोटाला हलकेच दात लावून पाहणे हा चावा नव्हे. ती चाचपणी होय, तेव्हा हात झटकू नये.

उचलताना वरून मुठीत धरू नये. दोन्ही तळव्यांची ओंजळ खालून करावी, अथवा त्याला एखाद्या मगात शिरू द्यावे आणि तो मग उचलावा. सुरुवातीस हाताळणी जमिनीवर बसूनच करावी, कारण उंचीचा अंदाज नसल्याने तो सरळ खाली उडी घेतो व जायबंदी होतो. जाड हातमोजे घालण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. तो तितकासा समर्थनीय नाही. मोज्यामुळे माणसाचा हात वाचतो, पण त्या हाताची ओळख मात्र लांबणीवर पडते. तोंडावर फुंकर मारणे किंवा टिचकी मारणे हे उपाय तर भीती वाढविणारेच आहेत.

काही हॅमस्टर दोन आठवड्यांत रुळतात, काहींना दोन महिने लागतात. काही कधीच हातावर येत नाहीत, त्यांना तसेच राहू द्यावे; पाहण्याजोगे त्यांच्यापाशी पुष्कळ असते. अशांसाठी खोल भुसा फार उपयुक्त ठरतो. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १०, ४० व ८० सेंटिमीटर जाडीचे थर देऊन सोनेरी हॅमस्टर ठेवण्यात आले, तेव्हा १० सेंटिमीटरच्या थरावरील प्राणी पिंजऱ्याचे गज अधिक कुरतडताना आढळले. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक पिंजऱ्यांचा तळ तेवढाही खोल नसतो.

चावा घेतल्यास

हात झाडू नये. दात रुतलेला प्राणी दूर फेकला जाऊन मरू शकतो. हात सावकाश जमिनीपर्यंत खाली न्यावा, पायाखाली आधार लागताच तो बहुधा पकड सोडतो. जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि धनुर्वाताच्या लसीविषयी डॉक्टरांना विचारावे. घरात वाढलेल्या लहान कृंतकांपासून रेबीज होण्याचा संभव अत्यल्प असला, तरी त्यासंबंधीचा निर्णयही डॉक्टरांवरच सोडावा. जखम सुजली, लाल झाली किंवा ताप आला तर विलंब करू नये. हॅमस्टरला त्या दिवशी पुन्हा हात लावू नये. दुसऱ्या दिवशी सायंकाळी आदल्या पायरीपासून, म्हणजे स्थिर तळवा व एक बी यांपासून, पुन्हा प्रारंभ करावा.