लेकराला सावरताना



ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुकल्यांवर अत्याचार झाला. तक्रार नोंदवायला पालकांना कित्येक तास ताटकळावं लागलं. आपल्या दारव्ह्यात असं एखादं लेकरू समोर आलं, तर आपण काय करणार?

पहिलं वाक्य हेच असू द्या : "तुझं काहीच चुकलं नाही. सांगितलंस ते बरं केलंस." पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका. "कुणालाच सांगणार नाही" असं वचनही देऊ नका; पॉक्सो कायदा, २०१२ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मात्र उपचारासाठी एफआयआरची वाट पाहायची नसते. लगेच सरकारी दवाखान्यात न्या. एचआयव्ही टाळणारी औषधं ७२ तासांच्या आतच सुरू करावी लागतात.

खरं सावरणं त्यानंतर सुरू होतं. झोप उडते, जेवण जात नाही, एखाद्या वासानेही अंग थरथरतं. हे नाटक नाही, घाबरलेलं शरीर तसं वागतं. अशा वेळी पाय जमिनीवर टेकवून सावकाश श्वास सोडायला सांगा, समोरच्या पाच वस्तूंची नावं घ्यायला लावा. झोप, जेवण, अभ्यास यांच्या वेळा शक्यतो त्याच ठेवा. कुठे बसायचं, कुणाला जवळ येऊ द्यायचं, हे लेकरालाच ठरवू द्या. मुलगा असला तरी हेच.

मदतीसाठी चाइल्डलाइन १०९८, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६. मनोधैर्य योजनेतून आर्थिक मदत व समुपदेशनही मिळतं.

आणि हो, लेकराचं नाव स्टाफरूममध्येसुद्धा घेऊ नका. त्याला उद्या याच शाळेत यायचं आहे.