गर्भातली दारू आणि सोळावं वर्ष

मेंदूच्या वाढीविषयी वाचण्याचा नाद मला कॉलेजपासूनचा. त्या वाचनात सिॲटल शहरातली एक संशोधनाची हकीकत अशी काही मनात बसली, की ती ऐसपैस सांगायची संधी मी कधीपासून शोधत होतो.

पार्श्वभूमी भराभर सांगतो. गर्भवतीने घेतलेली दारू वारेतून बाळाच्या रक्तात उतरते आणि थोड्याच वेळात दोघांच्या रक्तातलं तिचं प्रमाण जवळपास सारखं होतं. बाळाचं यकृत कच्चं असल्याने ती लवकर निघून जात नाही, गर्भजलातही रेंगाळते. मेंदूची घडण नऊही महिने चालू असल्याने ‘आता चालेल’ असा महिना नाही. फ्रान्समध्ये नांतचे डॉ. पॉल लमोआन यांनी 1968 मध्येच गर्भात दारूची बाधा झालेल्या 127 मुलांचं वर्णन केलं होतं. फ्रान्सबाहेर फारसं कुणी ते वाचलं नाही.

आता सिॲटल. तिथे ख्रिस्ती उलेलँड नावाच्या तरुण बालरोग डॉक्टरच्या लक्षात आलं, की वजन न धरणाऱ्या काही बाळांच्या आया दारूच्या आहारी गेलेल्या आहेत. जन्मजात व्यंगांचे जाणकार डेव्हिड स्मिथ आणि त्यांचे सहकारी केनेथ जोन्स यांनी अशी मुलं पाहिली. 1973 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आठ मुलांची नोंद छापून आली. मुलं तीन वेगवेगळ्या वंशांची, एकमेकांशी नातं नसलेली, तरी चेहरे एका वळणाचे : डोळ्यांच्या फटी आखूड, वरचा ओठ पातळ.

त्या लेखावर चौथं नाव होतं मानसशास्त्रज्ञ ॲन स्ट्राइसगथ यांचं. माझं खरं कुतूहल या बाईंपाशी आहे. निदान झालं, लेख छापला, की बहुतेक संशोधक पुढे सरकतात. या बाईंनी मुलांची पाठ सोडली नाही. मुलं वाढत गेली, तशा त्या तपासत गेल्या. सिॲटलला नातेवाइकांकडे गेलो असताना मी त्यांच्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या आवारात मुद्दाम हिंडून आलो, तेव्हा मनात त्यांचीच चिकाटी होती.

1991 मध्ये त्यांनी 61 किशोरवयीन आणि प्रौढ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. वयात येताना नाक-हनुवटी वाढतात, आणि ज्या चेहऱ्यावरून निदान होई तो चारचौघांसारखा दिसू लागतो. आत मात्र काही निवळलेलं नव्हतं. सरासरी बुद्ध्यांक 68. गणित सगळ्यात कच्चं. समोरच्याच्या मनात काय आहे ते ओळखता येत नाही, परिणामांचा अंदाज येत नाही, लक्ष टिकत नाही. म्हणजे जगाच्या अपेक्षा वाढतात नेमक्या त्याच वयात दुखण्याची बाहेरची खूण पुसली जाते. मग ‘मुद्दाम करतो’, ‘लाडावलाय’ असे शेरे सुरू होतात. मला हा अन्याय फार मोठा वाटतो.

आणि हे फक्त व्यसनी आयांपुरतं नव्हतं. 1974-75 मध्ये स्ट्राइसगथ यांनी साध्या, घरंदाज गर्भवतींशीही बोलून त्यांच्या सुमारे 500 मुलांचा माग ठेवला. चौदाव्या वर्षी, आईचं पिणं जितकं जास्त तितकी मुलाची एकाग्रता आणि स्मरण कमी, असं आढळलं. एका बैठकीत बरंच पिणं विशेष घातक ठरलं.

मेंदूत काय घडतं, ते पुढे एमआरआयने दाखवलं. बालपणी मेंदूचं बाह्यपटल आधी फुगतं आणि किशोरवयात नको असलेल्या जोडण्या छाटून आटोपशीर होतं, बागेतल्या कुंपणासारखं. कॅथरीन लेबेल आणि एलिझाबेथ सोवेल यांच्या गटाने 2012 मध्ये दाखवलं, की गर्भात भरपूर दारू पोचलेल्या मुलांत काही भागांत हा चढउतार दिसतच नाही. आलेख नुसता उतरत जातो. अनुभवातून घडण्याची मेंदूची लवचीकताच तिथे तोकडी पडते. आवेग आवरणारा कपाळामागचा भाग तर पंचविशीपर्यंत घडत असतो. त्यामुळे इजा गर्भातली असली, तरी तिचा पुरा हिशेब सोळाव्या वर्षी समोर येतो.

थोडं विषयांतर करतो. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या फिट्झरॉय क्रॉसिंगच्या आदिवासी बायकांनी 2007 मध्ये दारूच्या विक्रीवर निर्बंध आणायला लावले. आपल्याकडे मतदानाने बाटली आडवी करणाऱ्या बायका मला लगेच आठवल्या. पण जून ऑस्कर आणि त्यांच्या सोबतिणी तिथेच थांबल्या नाहीत, ‘आमची मुलं तपासा’ असं त्यांनीच डॉक्टरांना सांगितलं. 2002-03 मध्ये जन्मलेल्या मुलांपैकी जवळजवळ पाचातल्या एकाला गर्भातल्या दारूची बाधा निघाली. स्वतःच्या गावाबद्दल असं सत्य मागून घ्यायला छाती लागते.

उपाय? बिघडलेली घडण औषधाने सरळ होत नाही. पण 1996 च्या मोठ्या पाहणीत स्ट्राइसगथ यांना दिसलं, की सहा वर्षांच्या आत निदान झालेली, स्थिर आणि मारहाण नसलेल्या घरात वाढलेली मुलं शाळा सुटणं, पोलिसांत अडकणं यांतून बरीच वाचतात. म्हणून बालरोगतज्ज्ञांना आणि शाळांतल्या समुपदेशकांना माझी कळकळीची विनंती आहे : मुलाचा पूर्वेतिहास घेताना गर्भारपणातल्या दारूबद्दल विचारा. आईला न टोचता विचारा, आणि उत्तर कागदावर लिहून ठेवा. मूल चौदा वर्षांचं झाल्यावर तो कागद फार उपयोगी पडेल.