जुन्या गाडीला एलईडी इंडिकेटर लावताना



शाळा सुटताना फाटकापाशी येणाऱ्या गाड्यांमध्ये दहा-पंधरा वर्षे जुन्या मोटारसायकली अजूनही पुष्कळ आहेत. त्यांतल्या बऱ्याच गाड्यांना आता एलईडीचे इंडिकेटर लागले आहेत. काही व्यवस्थित चालतात, काही नुसतेच भराभर फडफडतात, तर काही लागले की लागलेच राहतात, उघडझाप नाहीच. गाडी कोणीकडे वळणार हे सायकलवरचा मुलगा त्या दिव्यावरूनच ठरवतो. म्हणून हा विषय पत्रिकेत घेत आहे.

आधी फ्लॅशर समजून घेऊ. इंडिकेटरची टिक्‌-टिक्‌ करणारी ही लहानशी डबी. जुन्या पद्धतीच्या फ्लॅशरमध्ये दोन धातूंची जोडपट्टी असते. वीज वाहिली की ती तापते, वाकते आणि संपर्क तुटतो. थंड झाली की सरळ होते आणि संपर्क पुन्हा जुळतो. म्हणजे दिव्याची उघडझाप विजेच्या प्रवाहावर अवलंबून आहे, आणि घोटाळा इथेच होतो.

१०० सीसीच्या बहुतेक जुन्या मोटारसायकलींत इंडिकेटरचा बल्ब १२ व्होल्ट, १० वॅटचा असतो. एका बाजूचे पुढचा-मागचा मिळून २० वॅट झाले. दहावीच्या मुलांनी भागाकार करावा : २० भागिले १२, म्हणजे सुमारे १.७ अँपियर. त्या जागी १-१ वॅटचे दोन एलईडी लावले तर प्रवाह उरतो जेमतेम ०.१७ अँपियर. एवढ्याशा प्रवाहाने पट्टी तापतच नाही, म्हणून दिवा जळत राहतो. फ्लॅशर इलेक्ट्रॉनिक असेल तर तो प्रवाह मोजतो. प्रवाह कमी दिसला की एक बल्ब उडाला असे समजून तो चालकाला सावध करण्यासाठी वेग वाढवतो. फडफड होते ती यामुळे. एलईडी खराब निघाला म्हणून दुकानदाराशी भांडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

यावर काही मेकॅनिक रेझिस्टर जोडून देतात. फडफड थांबते खरी, पण ६ ओमचा रेझिस्टर १२ व्होल्टवर २ अँपियर घेतो. म्हणजे २४ वॅटची उष्णता, जुन्या दोन बल्बांपेक्षाही जास्त! मग एलईडी लावून काय साधले? शिवाय तो प्लास्टिकला किंवा तारांच्या जुडग्याला टेकला तर प्लास्टिक वितळते. माझ्या मते हा मार्ग सोडूनच द्यावा. एलईडीसाठी वेगळा फ्लॅशर मिळतो, तो प्रवाहावर अवलंबून नसतो. जुना काढून तो बसवावा. जुन्या फ्लॅशरला पुष्कळदा दोनच पिना असतात, नव्याला तीन. तिसरी पिन अर्थिंगची. ती गाडीच्या सांगाड्याला नीट जोडली गेली पाहिजे, रंग खरवडून.

आणखी एक गंमत आहे, आणि यात भले भले फसतात. डावा इंडिकेटर दिला तरी चारही दिवे लुकलुकतात. बऱ्याच मोटारसायकलींत मीटरवर इंडिकेटरचा एकच लहान दिवा असतो आणि तो डाव्या व उजव्या तारेच्या मध्ये जोडलेला असतो. डावीकडची वीज त्या दिव्यातून उजव्या बल्बांत जाऊन अर्थ होते. साध्या बल्बला तेवढी वीज पुरत नाही, म्हणून तो पेटत नाही. एलईडीला मात्र ती पुरते. उपाय स्वस्त आहे. मीटरचा दिवा त्या दोन्ही तारांपासून सोडवावा. प्रत्येक तारेला एक डायोड (१एन४००७ चालतो) जोडून दोन्हींची दुसरी टोके दिव्याच्या एका बाजूला आणावी. दिव्याची दुसरी बाजू अर्थला द्यावी.

एलईडी पेटलाच नाही तर त्याच्या दोन तारा उलटसुलट करून पाहा. त्यातून वीज एकाच दिशेने वाहते.

रंगाबाबत मात्र तडजोड नको. इंडिकेटर नारिंगीच हवा आणि वेग मिनिटाला ६० ते १२० उघडझापांच्या आतच हवा. निळे-पांढरे दिवे तरुण मंडळींना आवडतात, पण समोरच्याला ते वळण्याची खूण वाटत नाहीत. स्वस्त एलईडीचा प्रकाश पुष्कळदा सरळ समोरच पडतो, बाजूने दिसत नाही. मे महिन्यातल्या दुपारी पलासिया चौराह्यावर तो कितपत दिसेल याची कल्पना करा. घेण्यापूर्वी उन्हात, दहा पावलांवरून, समोरून आणि बाजूने पाहावे.

नवा फ्लॅशर बसवल्यावर एक सोय जाते. एखादा दिवा बंद पडला तरी वेग बदलत नाही, त्यामुळे मागचा दिवा गेल्याचे चालकाला कळत नाही. तेव्हा आठवड्यातून एकदा गाडीभोवती फिरून चारही दिवे पाहावे लागतात. हे काम घरातल्या मुलांना द्यायला हरकत नाही.

काढलेला जुना फ्लॅशर कृपया फेकू नये. शाळेच्या प्रयोगशाळेत आणून द्यावा. नववी-दहावीच्या मुलांना उघडून आतली पट्टी दाखवता येईल.

– मुख्याध्यापक