बॉम्बची कडी

८ ऑक्टोबर २०१६. येमेनच्या वायव्य भागातल्या देर अल-हजारी या खेड्यात पहाटेच्या अंधारात एका घरावर विमानातून बॉम्ब पडला. गरोदर आई आणि तिच्या चार मुलांसह सहा जणांचं अख्खं कुटुंब संपलं. नंतर त्या जागी बॉम्बच्या अवशेषांत एक लोखंडी कडी सापडली. बॉम्ब विमानाला टांगण्यासाठी अशी कडी लागते. ही कडी इटलीच्या सार्डिनिया बेटावरून आलेली होती, आरडब्ल्यूएम इटालिया या कंपनीची.

या कंपनीचा कारखाना सार्डिनियाच्या नैर्ऋत्य भागात, दोमुसनोवास या छोट्या गावाजवळ आहे. हा सगळा पट्टा शिसं, जस्त आणि कोळशाच्या खाणींचा. कारखान्यात पूर्वी त्या खाणींसाठी सुरुंगाची दारू तयार व्हायची. खाणी एकेक करून बंद पडल्या, भाग गरीब होत गेला आणि कारखाना लष्करी बॉम्बांकडे वळला. आज तो जर्मनीतल्या ऱ्हाइनमेटाल समूहाच्या मालकीचा आहे. दुसरी नोकरी मिळणं कठीण असलेल्या मुलखात तिथला पगार किती घरांना आधार देतो, हे समजायला अवघड नाही. येमेनमधल्या मृत्यूंचा हिशेब मागताना पहिलं बोट कारखान्यातल्या कामगाराकडे दाखवणं म्हणूनच अन्यायाचं होईल.

बोट दाखवायचं तर ते परवानगी देणाऱ्यांकडे. शस्त्रं भाजीसारखी बाजारात विकता येत नाहीत, प्रत्येक निर्यातीला सरकारी परवाना लागतो. इटलीत तर यासाठी १९९० पासून १८५ क्रमांकाचा कायदा आहे. सशस्त्र संघर्षात गुंतलेल्या देशाला शस्त्रं विकायला तो मनाई करतो, अपवाद ठेवतो तो मुख्यतः आक्रमणाविरुद्धच्या स्वसंरक्षणाचा. सौदी अरेबियाच्या नेतृत्वाखालच्या आघाडीने मार्च २०१५ मध्ये येमेनवर हवाई हल्ले सुरू केले. जानेवारी २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीचा अहवाल जगासमोर आला. युद्धाच्या आंतरराष्ट्रीय नियमांचा भंग करणाऱ्या, या आघाडीच्या ११९ हवाई कारवायांची नोंद त्यात होती. लग्नसमारंभ, बाजार, शाळा, रुग्णालयं, काहीच सुटलेलं नव्हतं. आणि त्याच २०१६ साली इटलीने याच कारखान्यातले जवळजवळ २० हजार बॉम्ब सौदी अरेबियाला विकायला मंजुरी दिली. सौदा ४१ कोटी युरोंच्या वर होता.

कायदा होता, माहिती होती, तरीही सही झाली. शस्त्रव्यापाराच्या नैतिकतेचा प्रश्न खरा इथे उभा राहतो. जबाबदारी इतक्या हातांत वाटलेली असते की कुणाच्याच तळहाताला तिचा चटका बसत नाही. कामगार म्हणतो, बॉम्ब कुठे जाणार ते सरकार ठरवतं. कंपनी परवाना पुढे करते. सरकार सांगतं, वापर खरेदीदाराच्या हाती. खरेदीदार म्हणतो, लक्ष्य चुकलं.

मालकी एका देशात आणि कारखाना दुसऱ्या देशात असला की ही वाटणी आणखी सोपी होते. पत्रकार जमाल खाशोगी यांची ऑक्टोबर २०१८ मध्ये इस्तंबूलच्या सौदी वाणिज्य दूतावासात हत्या झाली आणि जर्मनीने सौदी अरेबियाला होणारी शस्त्रनिर्यात थांबवली. पण ऱ्हाइनमेटालच्या सार्डिनियातल्या कारखान्याला जर्मन बंदी लागू होत नव्हती. तिथला माल इटलीच्या परवान्यावर जात राहिला.

ही साखळी एका ठिकाणी अडली, ती इटलीतल्याच जेनोवाच्या बंदरात. मे २०१९ मध्ये ‘बहरी यानबू’ हे सौदी मालवाहू जहाज युरोपची बंदरं घेत निघालं होतं. फ्रान्समधल्या ल आव्र इथे निदर्शनं झाली, प्रकरण कोर्टात गेलं आणि तिथला ठरलेला शस्त्रसाठा न घेताच जहाज पुढे निघालं. २० मे रोजी ते जेनोवाला लागलं. तिथे त्यावर वीज निर्माण करणारे जनरेटर चढवायचे होते. बॉम्ब नव्हे, तोफा नव्हे, जनरेटर. पण ते लष्करी वापराचे आहेत असं गोदी कामगारांचं म्हणणं होतं. त्यांनी संप केला आणि जनरेटर धक्क्यावरच राहिले. रोजच्या मजुरीवर पाणी सोडून घेतलेला हा निर्णय होता. कायद्याने ज्यांच्यावर जबाबदारी टाकली होती, त्यांनी ती पुढे ढकलली. ज्यांच्यावर कुणीच टाकली नव्हती, त्यांनी ती उचलली.

“आम्ही विकलं नाही तर दुसरा कुणी विकेल,” हा युक्तिवाद या व्यापारात सर्वांत जास्त ऐकू येतो. तो पोकळ आहे. दुसरा विकेलही, पण त्याने आपल्या सहीचा दोष कमी होत नाही. शिवाय आधुनिक विमानाला ठरावीक बनावटीचे बॉम्ब, सुटे भाग आणि देखभाल लागते. पुरवठादार एका रात्रीत बदलता येत नाही, म्हणून एका देशाच्या नकारालाही वजन असतं.

मात्र शस्त्रं न विकणं हेच नेहमी नीतीचं, असंही नाही. सप्टेंबर १९९१ मध्ये सुरक्षा परिषदेने साऱ्या युगोस्लाव्हियावर शस्त्रबंदी घातली. कागदावर बंदी सगळ्यांना सारखी होती. पण जुन्या युगोस्लाव्ह सैन्याचा बहुतेक शस्त्रसाठा सर्बांच्या हाती गेला होता, तर नव्याने स्वतंत्र झालेल्या बोस्नियाकडे स्वतःच्या बचावापुरतंही पुरेसं काही नव्हतं. तिथल्या माणसांनी त्या बंदीची किंमत वर्षानुवर्षं मोजली. म्हणून कोण विकतंय एवढंच पाहून भागत नाही, शस्त्र कुणाच्या हाती जातंय आणि त्याने आजवर काय केलंय, हेही तपासावं लागतं.

नेमकी हीच तपासणी बंधनकारक करणारा आंतरराष्ट्रीय शस्त्रव्यापार करार २ एप्रिल २०१३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मंजूर झाला. बाजूने १५४ मतं पडली. विरोधात इराण, उत्तर कोरिया आणि सीरिया. भारत तटस्थ राहिला आणि अजूनही कराराबाहेर आहे. विकणाऱ्या देशांना एकतर्फी पुरवठा तोडायचं निमित्त मिळेल, ही त्यामागची भारताची चिंता होती. आयातीवर अवलंबून असलेल्या देशाची ही चिंता खोटी नव्हती.

पण आता भारत नुसता खरेदीदार राहिलेला नाही. २०१३-१४ मध्ये ६८६ कोटी रुपयांची असलेली संरक्षण निर्यात २०२४-२५ मध्ये २३ हजार ६२२ कोटींवर गेली. दारूगोळा बनवणाऱ्या म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीचं मुख्यालय पुण्यात आहे, तिचे कारखाने खडकी, वरणगाव, भंडारा इथे आहेत. दोमुसनोवासचा प्रश्न आता या गावांपासून फार लांब नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये देशातल्या ११ मोठ्या बंदरांतल्या कामगारांच्या महासंघाने इस्रायलसाठीचा शस्त्रांचा माल हाताळणार नाही, असं जाहीर केलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इस्रायलला होणारी शस्त्रनिर्यात थांबवण्याची मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. परराष्ट्र धोरण ठरवणं हे न्यायालयाचं काम नव्हे, असं कारण दिलं. मग हा प्रश्न विचारायची जागा संसदच उरते, आणि तिथे तो विचारला जायलाच हवा.

इटलीत संसदेनेच तो लावून धरला होता. तिच्या ठरावानंतर जुलै २०१९ मध्ये सरकारने सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिरातीला जाणाऱ्या बॉम्बचे परवाने स्थगित केले आणि जानेवारी २०२१ मध्ये ते रद्दच करून टाकले. १२ हजारांहून अधिक बॉम्ब इटलीतच राहिले. दोन वर्षांनी, २०२३ मध्ये, नव्या सरकारने हे निर्बंध उठवले. देर अल-हजारीच्या हल्ल्याबद्दल रोममध्ये दाखल झालेली फौजदारी तक्रारही त्याच वर्षी निकाली निघाली. परवाने देताना शस्त्रव्यापार कराराचा भंग झाल्याचं न्यायाधीशांनी मान्य केलं, पण अधिकाऱ्यांवर खटला चालवायला नकार दिला. त्यानंतर चारच महिन्यांत हे प्रकरण स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयात दाखल झालं.